दव्हिएनच्या बसून (bassoon) सोनाटा: साथ, सूर आणि पावसाळ्यातली रीड

मंद्रसप्तक: फ्रेंच संगीतकार फ्रांस्वा दव्हिएन (१७५९–१८०३) याच्या ओपस २४ (रचनांच्या यादीतला क्रमांक) मधल्या सोनाटा बसवतोय, बसूनसाठीच्या, म्हणजे खर्जाच्या लाकडी फुंकवाद्यासाठीच्या. जुन्या प्रतीत बसूनच्या ओळीखाली बासची एकच ओळ आहे. पियानोच्या उजव्या हातानं काय वाजवायचं? वाद्य आजचं, जर्मन पद्धतीचं. ते ४३० ला (ए = ४३० हर्ट्झच्या खालच्या पट्टीला) उतरवावं का? आणि जुलैत मुंबईत रीड (फुंकायची वेताची दुहेरी पट्टी) जड होते, त्याचं काय करू?

खालचीओळ: चेलो मिळत असेल तर पियानो नकोच. बसूनवादक एतिएन ओझीच्या १८०३ च्या शिकवणीच्या पुस्तकातल्या सोनाटांनाही साथीला खर्जाची एकच ओळ आहे; ती ऐकू येणं हाच या संगीताचा प्राण. पियानोच हाती असेल तर उजवा हात मधल्या सीच्या वर ठेवा, फार तर दोन-तीन सूर, तेही स्वरसंच (कॉर्ड) बदलेल तिथेच. बसूनच्याच सप्तकात स्वरसंच भरले की बसून बुडतो.

टेनरक्लेफ: ४३० चा नाद सोडा. आजच्या ४४० पासून ते जवळपास ४० सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) खाली येतं. बोकल (रीड बसवायची वाकडी धातूची नळी) तेवढा बाहेर ओढला तरी भोकं जागच्या जागीच राहतात. आखूड नळीचे सूर जास्त उतरतात, लांब नळीचे कमी, आणि वाद्य आतल्या आत बेसूर होतं.

मेहनत फ्लिकवर घ्या. मधल्या सीखालचा ए, बी-फ्लॅट, बी आणि तो सी, या चौघांवर खालून स्लरनं (सूर न तोडता, जोडून) उडी आली की आधी खालचा सूर घुरघुरतो. व्हिस्पर की (बोकलवरचं बारीक भोक झाकणारी) सोडून डाव्या अंगठ्यानं वरची की क्षणभर टिचकावी.

संथ भागातले बारीक छापलेले सूर कणस्वरासारखे उडवू नका. ते ठोक्यावर येतात आणि बहुतेक वेळा मुख्य सुराची अर्धी लांबी घेतात.

ओलीकाडी: रीड हवाबंद डबीत ठेवू नका, बुरशी धरते, डबीला भोकं हवीत. भिजवायची दोन-तीन मिनिटंच. टोक जास्त उघडलं असेल तर रीडवर गुंडाळलेली पहिली, टोकाजवळची तार वरून-खालून पक्कडीनं किंचित दाबा. बाजूंनी दाबलीत तर उलट आणखी उघडेल. दुसऱ्या तारेचं नेमकं याच्या उलट असतं, म्हणून एका वेळी एकच तार, आणि प्रत्येक दाबानंतर वाजवून बघा. सुरी सगळ्यात शेवटी: पावसाळ्यात खरवडलेली रीड डिसेंबरात पातळ पडते.

मंद्रसप्तक: चेलोवाल्यांना विचारतो. त्यांच्या ओळीत स्लर छापलेच नाहीत, बसूनचे तिथेही लावायचे?

खालचीओळ: तीच आकृती दोघांकडे आली तरच. एरवी सुटे, थोडे आखूड सूर.