विल्यम हार्बोर्न: राणीचा वकील की कंपनीचा गुमास्ता?

जुनी वखार

काल या चर्चामंचावर हार्बोर्नवर, म्हणजे इस्तंबूलच्या तुर्की दरबारातल्या इंग्लंडच्या पहिल्या वकिलावर, आलेला लेख वाचून गप्प बसवेना. त्यातली तीन विधानं अशी: तो मुळात राणी एलिझाबेथचा हेर होता आणि व्यापार हे निव्वळ सोंग, इस्तंबूलच्या वकिलातीचा खर्च इंग्लंडच्या तिजोरीनं केला, आणि त्याच्या मुत्सद्देगिरीमुळे तुर्की आरमारानं स्पेनला भूमध्य समुद्रात गुंतवून ठेवलं, म्हणून १५८८ मध्ये आर्माडा, म्हणजे इंग्लंडवर चालून आलेलं स्पेनचं आरमार, हरलं. तिन्ही चूक.

लंडनच्या एडवर्ड ऑस्बोर्न आणि रिचर्ड स्टेपर या व्यापाऱ्यांनी १५७५ मध्ये जॉन वाइट आणि जोसेफ क्लेमंट्स यांना स्वतःच्या पैशानं पोलंडमार्गे इस्तंबूलला धाडलं. काम एकच, हार्बोर्नला येता यावं म्हणून सुलतानाचा अभयपरवाना मिळवणं. त्यात दीड वर्ष गेलं. मग १ जुलै १५७८ ला हार्बोर्न लंडनहून निघाला. हँबुर्गपर्यंत समुद्रानं, पुढे खुष्कीनं ल्विव्ह. तिथे पोलंडहून परतणाऱ्या अहमद चाऊश या तुर्की वकिलाच्या लवाजम्यात १ सप्टेंबरला सामील झाला आणि मोल्डेव्हियातून २८ ऑक्टोबरला इस्तंबूलला पोचला. मार्च १५७९ मध्ये सुलतान तिसऱ्या मुरादनं पत्र दिलं, त्यात व्यापाराची मुभा फक्त तिघांना: हार्बोर्न, ऑस्बोर्न, स्टेपर. राणीचा माणूस असता तर तीन पेढीवाल्यांपुरती मुभा घेऊन थांबला असता का?

खर्चाचं म्हणाल तर ११ सप्टेंबर १५८१ ला राणीनं तुर्की व्यापाराची सनद दिली ती सात वर्षांसाठी. ऑस्बोर्न, स्टेपर, थॉमस स्मिथ आणि विल्यम गॅरेट ही त्यातली मुख्य नावं. वकील नेमायची वेळ आली तेव्हा त्याचा पगार, घर, नोकरचाकर, सुलतानाचा नजराणा, सगळं या कंपनीच्या गळ्यात पडलं. कंपनीनं कुरकुर केली आणि भरलं. राणीनं पत्र आणि मोहोर दिली.

आर्माडाचं तर बोलूच नका. तुर्क १५७८ ते १५९० इराणशी लढत होते. पश्चिमेकडे मोठं आरमार निघालंच नाही.

गलबत

अर्धीच कागदपत्रं वाचून इतका जोर? राणीचा मंत्री वॉल्सिंगहॅम याचं तुर्की व्यापाराबद्दलचं टिपण १५७८ च्या सुमाराचं आहे. त्यात स्पष्ट सल्ला आहे की लायक माणूस निवडा, राणीचं पत्र देऊन गुपचूप पाठवा, कारण फ्रेंच आणि व्हेनिसवाले वाटेत काटे पेरतील. व्यापाऱ्यांनी वाट तयार केली हे खरं, पण दरबाराला ती माहीत नव्हती असं म्हणणं चूक.

आणि तीन नावांचं पत्र तुम्ही अर्ध्यावर सोडलंत. राणीनं २५ ऑक्टोबर १५७९ ला उत्तर लिहिलं की ही मुभा माझ्या सर्व प्रजेला द्या. त्यावर १५८० मध्ये २२ कलमांचा अहदनामा, म्हणजे सुलतानाचं सवलतींचं वचनपत्र, मिळाला. मेलेल्या इंग्रजाचा माल वारसाला जावा. कर्ज ऋणको किंवा त्याच्या जामिनाकडूनच वसूल व्हावं, वाटेल त्या इंग्रजाला धरू नये. काझीपुढे दुभाष्याशिवाय खटला चालू नये. इंग्रजांकडून खराज (बिगरमुसलमानांवरचा कर) घेऊ नये. गुलाम झालेले इंग्रज सोडावेत. अलेक्झांड्रिया, सीरियातलं त्रिपोली, अल्जिअर्स, ट्युनिस इथे कॉन्सल नेमता यावेत. कोणत्या पेढीच्या गुमास्त्याला हे मिळतं?

जुनी वखार

मिळालं आणि वर्षभरात गेलंही. ते का नाही लिहिलंत? १५८१ मध्ये 'बार्क रो' या इंग्लिश जहाजानं ग्रीक जहाजं लुटली. ग्रीक सुलतानाची रयत. तक्रार इस्तंबूलला आली आणि जाब द्यावा लागला हार्बोर्नला. ज्या अहदनाम्यात एकाच्या कर्जासाठी दुसऱ्याला धरू नये असं लिहिलं होतं, तो हातात असलेल्या माणसालाच दुसऱ्याच्या चाचेगिरीसाठी धरलं. फ्रेंच वकील जर्मिन्यी टपलेलाच होता. त्यानं फ्रान्सचा अहदनामा नवा करून घेतला आणि इंग्रजांना पुन्हा फ्रेंच निशाणाखाली ढकललं, म्हणजे व्यापार करायचा तर फ्रेंच झेंडा लावून. हार्बोर्नला जुलैत गाशा गुंडाळावा लागला. राजदूताचा दर्जा असता तर ही पाळी आली नसती.

सकलाद

दोघेही एक साधी गोष्ट विसरता आहात. अहदनामा म्हणजे तह नव्हे. दोन बरोबरीच्या धन्यांनी सह्या केलेला कागद नव्हे तो. सुलतानानं एकतर्फी दिलेलं वचन आहे. सुलतान बदलला की नवा घ्यायचा, मैत्रीत खोट दिसली की तो काढून घेणार. म्हणून दर खेपेला नजराणा लागतो. नजराण्याला लाच समजणाऱ्यांना त्या दरबाराची रीत कळलेली नाही.

'सुझन' जहाज २६ मार्च १५८३ ला इस्तंबूलला लागलं तेव्हा काय काय उतरलं ते बघा. उत्तम बनातीचे १२ ठाण, हॉलंडी कापडाचे २, सोन्याचा दुहेरी मुलामा दिलेली १० भांडी, लाल कापडाची झूल घातलेले तीन मास्टिफ, शिकारी कुत्र्यांच्या वेगवेगळ्या जाती, रेशमी झूल घातलेली दोन छोटी कुत्री. आणि ५०० पौंडांचं एक घड्याळ. त्याच्यावर चांदीच्या झाडांचं रान, रानात हरणांमागे कुत्रे आणि घोडेस्वार, पाणी शेंदणारी माणसं, हातगाड्यांतून खनिज वाहणारे मजूर, माथ्यावर किल्ला आणि किल्ल्यावर चक्की. सभोवार रत्नं. खनिज वाहणारी माणसं उगाच घातलेली नाहीत असं मला वाटतं. इंग्लंड काय विकायला आलंय ते त्या घड्याळावरच दिसतं.

आणि विकायचं मुख्य म्हणजे कापड: कर्सी, म्हणजे जाड विणीचं स्वस्त लोकरी कापड. सगळे तोफांच्या गोष्टी सांगतात, कापडाचं नाव कोणी काढत नाही.

कथील

कापडाला फ्रेंच आणि व्हेनिसचं कापड पर्याय होतं. कथलाला पर्याय कुठे होता? तुर्कांकडे अनातोलियात कास्तामोनूजवळ क्यूरेच्या खाणींचं भरपूर तांबं होतं, पण कथील नव्हतं. इंग्लंडकडे कॉर्नवॉल आणि डेव्हनचं कथील होतं. इस्तंबूलच्या तोपखान्यात (त्या मोहल्ल्याचं नावच आजही तोपहाने आहे) पंचरसी तोफ ओतायची तर शंभर भागांत साधारण दहा भाग कथील लागतं. कमी पडलं तर रस नीट वाहत नाही, साच्यात पोकळ्या राहतात आणि नळी मऊ राहून गोळ्यानं लवकर झिजते. जास्त झालं तर धातू ठिसूळ होतो आणि तोफ फुटते, तीही गोलंदाजांच्या तोंडावर. जुनी तोफ वितळवून नवी करताना आचेवर कथील जळतं, म्हणून वरून पुन्हा घालावं लागतं. दारूगोळ्याचा कारखाना चालतोय तोवर कथलाची मागणी संपत नाही.

स्पेनचा लंडनमधला वकील मेंदोसा यानं १५७९ मध्येच राजाला कळवलं होतं की इंग्रज तुर्कांना कथील पुरवताहेत आणि त्याशिवाय तुर्कांच्या तोफा होत नाहीत. वर पोपनं १५७० मध्ये एलिझाबेथला बहिष्कृत केलेलं. मुसलमानांना युद्धसामग्री विकू नये हा पोपचा हुकूम व्हेनिसला अडचणीचा होता, तिला कशाला जुमानायचा होता? हार्बोर्नचं यश याच दोन गोष्टींवर उभं आहे. राणीचं पत्रही दुय्यम आणि ऑस्बोर्नची थैलीही दुय्यम.

गलबत

मेंदोसा शत्रूचा वकील. इंग्लंड काफरांना शस्त्रं पुरवतंय असं लिहिण्यातच त्याचं हित होतं. त्याच्या शब्दावर एवढी इमारत बांधू नका.

कथील

मग फक्त मेंदोसा सोडा, धातू बघा. इंग्लंडमधले मठ मोडले तेव्हा छपरांचं शिसं आणि फुटक्या घंटा बाजारात आल्या. घंटेच्या धातूत कथील २० ते २५ टक्के. तो तसाच ओतून तोफ करता येत नाही. २२ टक्क्यांचा शंभर मण घंटाधातू घेतला तर तो दहा टक्क्यांवर आणायला वर १२० मण तांबं घालावं लागतं. तांबं तुर्कांकडे आहेच. म्हणजे फुटकी घंटा हा त्यांच्या दृष्टीनं तयार कथलाचा साठा. शिवाय घंटा फुटकीच बरी, कारण तिचे तुकडे तळघरात बसतात. जहाजाला नीरम, म्हणजे तोल राखायला तळाशी वजन, लागतंच. दगड भरण्यापेक्षा कथील, शिसं आणि घंटांचे तुकडे तळाशी आणि कर्सीचे गठ्ठे वर कोरड्यात. कापड आणि धातू हे भांडण मुळातच फोल आहे, सकलाद. एकाच जहाजात दोन्ही एकमेकांना धरून जात होते.

सकलाद

नीरमचा मुद्दा मान्य, तो माझ्या लक्षात आला नव्हता. पण हे तोफांचं प्रकरण इतकं लांबलं की हार्बोर्न बाजूला पडला. परतीच्या मालाबद्दल एक शब्द नाही: कच्चं रेशीम, कापूस, मायफळ, आणि व्हेनिसच्या ताब्यातल्या झांटे बेटाचे काळे मनुके. इराणच्या युद्धानं रेशीम अडलं की जहाज रिकामं परतणार का? मनुक्यांवरून व्हेनिसशी जो तंटा झाला त्यात इंग्रजांचा जीव जास्त अडकला होता.

जुनी वखार

मूळ प्रश्न होता पैसे कोणी दिले. मी पुरावा दिला, आणि तुम्ही सगळे ओतशाळेत जाऊन बसलात.

गलबत

पुरावा अपुरा आहे म्हणून. २० नोव्हेंबर १५८२ चं राणीचं नेमणूकपत्र वाचा. तुर्की मुलखातल्या इंग्रजांसाठी नियम करायचा आणि मोडणाऱ्याला शिक्षा करायचा अधिकार त्यात आहे. तो वापरून हार्बोर्ननं एप्रिल १५८३ मध्ये हार्वी मिलर्सला इजिप्तला आणि जूनमध्ये रिचर्ड फॉर्स्टरला त्रिपोलीला कॉन्सल नेमलं, १५८५ मध्ये जॉन टिप्टनला अल्जिअर्सला. कंपनी पगार देऊ शकते, शिक्षेचा अधिकार देऊ शकत नाही. फ्रेंच आणि व्हेनिसचे वकील "हा व्यापारी आहे, याला राजदूत मानू नका" म्हणून ओरडत होते, तरी मे १५८३ मध्ये अहदनामा पुन्हा मिळाला.

स्पेनबद्दलही तुम्ही घाई केलीत. आरमार निघालं नाही, कबूल. पण स्पेन-तुर्क यांचा १५८१ चा तह पुढे वाढवू नये म्हणून हार्बोर्न वॉल्सिंगहॅमच्या सूचनांवर खटपट करत होता, आणि १५८७ नंतर तो रीतसर वाढला नाही.

जुनी वखार

नेमणूकपत्रातला अधिकार राणीचा, हे मान्य करतो. तिथे मी कमी लिहिलं. तह मात्र इराणच्या युद्धामुळे आणि दोन्ही बाजूंच्या थकव्यामुळे ढिला पडला, त्याचं श्रेय हार्बोर्नला देणार नाही. तो ३ ऑगस्ट १५८८ ला इस्तंबूल सोडून निघाला. आर्माडा हरला ती ग्रॅव्हलीनची लढाई होऊन तेव्हा आठवडासुद्धा झाला नव्हता, तिची बातमीही त्याच्यापर्यंत पोचलेली नसणार.

दर्याकिनारा

इतका वेळ वाचतोय आणि आपल्या दाराशी आलेला धागा कोणालाच दिसला नाही याचं वाईट वाटतं. 'सुझन' इस्तंबूलला गेलं त्याच १५८३ साली ऑस्बोर्न आणि स्टेपर यांनीच 'टायगर' त्रिपोलीला पाठवलं. त्यावर जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, जवाहिऱ्या विल्यम लीड्स आणि चित्रकार जेम्स स्टोरी. जवळ एलिझाबेथचं अकबराच्या नावचं पत्र. अलेप्पो, बगदाद, बसरा करत होर्मुझला पोचले आणि पोर्तुगीजांनी धरले. २९ नोव्हेंबरला गोव्यात कैदेत. २,००० डुकाटांच्या जामिनावर २२ डिसेंबरला सुटले, त्यात एका इंग्रज जेझुइटाची मदत झाली. तो म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स, ज्याचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं. मराठीवर एवढा जीव लावलेल्या माणसाचं नाव हार्बोर्नच्या चर्चेत यायलाच हवं. एप्रिल १५८४ मध्ये न्यूबेरी, फिच आणि लीड्स गोव्यातून निसटले आणि बेळगाव, विजापूर, गोवळकोंडा, बऱ्हाणपूर करत उत्तरेला गेले.

आता तुलना करा. राणीचं पत्र न्यूबेरीकडेही होतं. तरी तो कैदेत गेला, कारण होर्मुझला त्याच्या मागे अहदनामा नव्हता, कॉन्सल नव्हता. नुसत्या पत्रानं वकील होत नाही.

गलबत

न्यूबेरीला राजदूत नेमलं नव्हतं, त्याच्याकडे शिफारसपत्र होतं. शिवाय त्याला धरलं ते पोर्तुगालच्या गादीवर १५८० पासून स्पेनचा राजा बसला होता म्हणून. अकबरानं धरलेलं नाही. ही तुलना जमत नाही.

दर्याकिनारा

शत्रूच्या बंदरात पत्र चालत नाही, हे घ्या. पण इस्तंबूलमध्ये जर्मिन्यी आणि व्हेनिसचा बाइलो, म्हणजे तिथला वकील, होतेच की. तिथेही पत्रानं काम झालं नाही, ते नजराण्यानं आणि कथलानं झालं.

सकलाद

हार्बोर्न गेल्यावर काय झालं ते बघितलं तर निम्मं भांडण मिटतं. त्याचा चिटणीस एडवर्ड बार्टन मागे राहिला. कंपनीची सात वर्षांची सनद १५८८ मध्ये संपली. नवी सनद हातात येईपर्यंत नजराण्यावर पैसे घालायला व्यापारी तयार नव्हते. ती ७ जानेवारी १५९२ ला मिळाली, ५३ जणांना, लेव्हांट कंपनी या नावानं. मग कुठे १५९३ मध्ये 'असेन्शन' जहाज नजराणा आणि राणीची पत्रं घेऊन इस्तंबूलला लागलं. मधली पाच वर्षं बार्टन दरबारात जात होता, बोलणी करत होता, पण रीतसर राजदूत नव्हता.

जुनी वखार

म्हणजे थैली बंद झाली तशी वकिलातही अडली.

गलबत

आणि राणीची सनद आल्याशिवाय थैली उघडली नाही.