गिरींद्रशेखर बोसांना 'भारताचा फ्रॉईड' म्हणणं बंद करा

मृण्मयी_प: कालच्या पोस्टमध्ये बोसांना "भारताचा फ्रॉईड, त्यांचा पत्रांतून घडलेला शिष्य" म्हटलंय, वाचून डोकंच फिरलं. फ्रॉईड मनोविश्लेषणाचा, म्हणजे मनात दडलेलं बोलतं करून उपचार करण्याच्या पद्धतीचा जनक, मान्य. अहो, हा डॉक्टर कलकत्त्यात आधीपासून पेशंट बघत होता, १९२१ ला दमनावरचा, म्हणजे नकोशा इच्छा मनात दाबून टाकण्यावरचा प्रबंध लिहिला, तो फ्रॉईडला पाठवल्यावर पत्रव्यवहार सुरू झाला! आणि १९२९ ला सरळ कळवलं की माझ्या भारतीय पेशंटांत तुमच्या थिअरीतली ती लिंगच्छेदाची भीती युरोपियनांइतकी ठळक दिसत नाही, उलट इथल्या पुरुषांत बाई होण्याची इच्छा लवकर वर येते. शिष्य असं लिहितो का?

अन्या_कोल्हापूर: लिहिलं, पण फ्रॉईडनं मानलं का? बोसांनी काढलेल्या मनोविश्लेषण सोसायटीनं फ्रॉईडच्या पंचाहत्तरीला हस्तिदंती विष्णू पाठवला, तो त्यानं टेबलावर ठेवला, थिअरी होती तशीच. आणि हे सगळे बंगाली बाबू लोकांचे चोचले. माझी आत्या गावाकडे मागच्या खोलीत कडी लावून आयुष्य काढून गेली, तिला कुठला बोस भेटणार होता?

रानवारा: बंगाल्यांनी निदान त्यांना सोसायटी काढू दिली. आपण र. धों. कर्व्यांचं काय केलं? १९२५ ला कॉलेजची नोकरी गेली, त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' या लैंगिक विषयांवरच्या मासिकावर अश्लीलतेचे खटले, कोर्टात उभे राहिले ते बाबासाहेब!

अन्या_कोल्हापूर: कर्वे मधेच कुठून आले?

रानवारा: मधेच कसे? लैंगिकतेवर उघड बोलणारी दोन माणसं, दोघंही १९५३ लाच गेली. माझ्या आजोबांकडे 'समाजस्वास्थ्य'चे अंक होते, आजीनं ते बंबात घातले. ही आपली संस्कृती.

अन्या_कोल्हापूर: आजीला कशाला मधे ओढता? त्या काळात घरात तरण्या मुली असताना तिनं करायचं काय होतं? उगाच म्हाताऱ्या माणसांना झोडपायचं.

रानवारा: तरण्या मुलींनाच तर ते अंक वाचायला हवे होते! माझ्या आईला लग्नाच्या दिवसापर्यंत कुणी काही सांगितलं नव्हतं.

मृण्मयी_प: कर्व्यांवर वेगळा धागा काढा, मी येते. अन्या, बाबू लोकांचं म्हणाल तर १९३३ ला कलकत्त्याच्या कारमायकेल कॉलेजच्या हॉस्पिटलात मानसिक आजारांची ओपीडी बोसांनीच सुरू केली. साध्या हॉस्पिटलातली देशातली पहिली. १९४० ला लुंबिनी पार्क हॉस्पिटल. शिवाय स्वप्नांवर बंगालीत पुस्तक, मुलांसाठी 'लाल कालो'. तुमच्या आत्यासाठीच ओपीडी हवी होती ना, तीच तर त्यांनी काढली.

अन्या_कोल्हापूर: कलकत्त्यात काढली, आमच्या तालुक्याला आजही नाही. बरं, शिष्य नव्हता, ऐकलं तुमचं. पण फ्रॉईडचं नाव नसतं तर हा धागा उघडला कुणी असता?

मृण्मयी_प: मी उघडला असता.