दुखापतीच्या भरपाईचा दावा उपचार संपल्यावर करावा की आधीच?

सावली यांचा प्रश्न:

एका मोठ्या दुकानाच्या जिन्यावर पाणी सांडलेले होते, तेथे धोक्याची पाटीही नव्हती, आणि माझी आई त्यावरून घसरून पडली. तिच्या खांद्याचे हाड मोडले असून शस्त्रक्रिया झाली आहे. हात पूर्वीसारखा वर जाईल की नाही, हे कळायला आणखी काही महिने लागतील असे डॉक्टर सांगतात. दुकानाच्या व्यवस्थापकांनी त्या वेळी आपुलकीने विचारपूस केली आणि विम्यातून काय होते ते पाहू असेही सांगितले, त्यामुळे लगेच कायद्याची भाषा करणे घरात कोणालाच बरे वाटत नाही. माझ्या थोरल्या भावाचे म्हणणे असे की, एकूण खर्च किती झाला आणि कायमचे अपंगत्व किती राहिले हे कळल्याशिवाय मागायचे तरी किती, म्हणून उपचार पूर्ण होऊ द्यावेत. मला मात्र इतके थांबण्याची भीती वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

दप्तर यांचे उत्तर:

आपल्या भावांचे म्हणणे रकमेपुरते बरोबर आहे, पण रक्कम ठरण्याआधी दोष कोणाचा हे सिद्ध व्हावे लागते. विमा दाव्यांच्या फायली तपासण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे. खांद्याला किती इजा झाली हे एक्स-रे आणि शस्त्रक्रियेचे कागद वर्षभरानेही सांगतील. जिना ओला होता, हे मात्र तेव्हा सांगायला कोणी उरलेले नसते. फरशी त्याच दिवशी पुसली जाते, पाटी दुसऱ्या दिवशी लागते आणि तेथे काम करणारी माणसे बदलतात.

सर्वांत आधी कॅमेऱ्याच्या चित्रीकरणाकडे लक्ष द्यावे. बहुतेक ठिकाणी रेकॉर्डरची डिस्क भरली की जुन्या चित्रीकरणावर नवे आपोआप चढते. हे काही आठवड्यांत, कधी काही दिवसांतच घडते, आणि त्यामागे कोणाचा वाईट हेतू असावा लागत नाही. म्हणून आजच दुकानाला लेखी पत्र द्यावे, त्यात तारीख, वेळ आणि कोणता जिना हे नमूद करावे, आणि आई पडण्यापूर्वीच्या किमान तासाभराचे व नंतरच्या अर्ध्या तासाचे चित्रीकरण जतन करावे अशी स्पष्ट मागणी करावी. आधीचा तास मुद्दाम मागायचा, कारण पाणी किती वेळ तसेच पडून होते यावरच दुकानाची हयगय ठरते. नुकतेच सांडलेले पाणी आणि तासभर कोणी लक्ष न दिलेले पाणी यांत जबाबदारीच्या दृष्टीने फार अंतर आहे. पत्राची पोच अवश्य घ्यावी. अपघाताच्या नोंदवहीत त्या दिवशी काही लिहिले गेले असल्यास त्याची प्रतही याच पत्रात मागावी.

त्या दिवशी आईंच्या पायात असलेली पादत्राणे धुऊ नयेत आणि पुन्हा वापरूही नयेत. ती कागदी पिशवीत बाजूला ठेवावीत. तळ झिजलेला होता असा आक्षेप हमखास घेतला जातो, आणि पादत्राणेच हाताशी नसतील तर त्याला उत्तर देता येत नाही.

रुग्णालयातील पहिल्या तपासणीची नोंद मागवून स्वतः वाचावी. दुखापत कशी झाली याविषयी तेथे लिहिलेले एक वाक्य पुढे अनेक साक्षींपेक्षा जड ठरते. घाईगर्दीत तेथे नुसते ‘पडल्यामुळे’, क्वचित चुकून ‘घरी पडल्यामुळे’ असे लिहिले गेलेले मी पाहिले आहे. नोंद चुकली असेल तर आताच दुरुस्तीचा अर्ज द्यावा, कारण दावा दाखल झाल्यानंतर मागितलेल्या दुरुस्तीकडे समोरचा पक्ष संशयानेच पाहतो. फिजिओथेरपीतही विनाकारण खंड पडू देऊ नये. उपचारात मध्ये मोठे अंतर दिसले की दुखणे तितके गंभीर नव्हते असा युक्तिवाद केला जातो.

अभ्यासक यांचे उत्तर:

पुराव्याविषयी वर सविस्तर लिहिले आहे, म्हणून मी मुदतीपुरते लिहितो. भरपाईच्या दाव्याला कायद्याने मुदत असते, आणि ती देशानुसार तसेच अपघाताच्या प्रकारानुसार बदलते. इंग्लंडमध्ये १९८० च्या कायद्याप्रमाणे शारीरिक दुखापतीच्या दाव्याला साधारणतः तीन वर्षे मिळतात. कॅलिफोर्नियात दोन वर्षे मिळतात, परंतु प्रतिवादी सरकारी संस्था असेल तर तेथेच सहा महिन्यांत लेखी मागणी दाखल करावी लागते. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातील दुखापतीला १९९९ च्या मॉन्ट्रियल कराराप्रमाणे दोन वर्षांची मुदत आहे, तर भारतात मोटार अपघाताच्या दाव्यासाठी १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत लागू झाली. तेव्हा ‘दोन-तीन वर्षे असतातच’ या ऐकीव माहितीवर विसंबून राहू नये. आपल्या प्रकरणाला कोणता कायदा लागू होतो हे वकिलांकडून याच आठवड्यात विचारून घ्यावे आणि मुदतीची अखेरची तारीख लिहून ठेवावी.

सर्वांत घातक समजूत ही की, विमा कंपनीशी बोलणी चालू आहेत तोवर मुदत थांबलेली असते. जर्मनीच्या कायद्यात तशी तरतूद आहे; इंग्लंडमध्ये मात्र दोन्ही पक्षांनी तसा करार केल्याशिवाय मुदत पुढे सरकतच राहते. सौजन्याने पत्रव्यवहार चालू राहतो, मुदत उलटते, आणि त्यानंतर समोरून उत्तर येते की आता दावा कालबाह्य झाला आहे. व्यवस्थापकांच्या आपुलकीवर मी शंका घेत नाही, पण निर्णय त्यांच्या हातात नसतो.

मुदत कधी सुरू होते याचेही अपवाद आहेत, आणि ते सहजासहजी मिळालेले नाहीत. इंग्लंडमध्ये धुळीत काम करून फुप्फुसांचा आजार जडलेल्या कामगारांचे दावे १९६३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने मुदतबाह्य ठरवले, कारण आजार जडल्याचे त्यांना कळण्यापूर्वीच मुदत संपलेली होती. त्यातील अन्याय इतका उघड होता की त्याच वर्षी कायदा बदलावा लागला. आज तेथे दुखापत लक्षात आल्याच्या तारखेपासूनही मुदत मोजता येते. आपल्या आईंच्या बाबतीत मात्र अपघात आणि इजा दोन्ही त्याच दिवशी कळल्या, त्यामुळे अशा अपवादाची आशा धरू नये.

सावली यांचे म्हणणे:

दोघांचेही मनापासून आभार. चित्रीकरणाचे पत्र उद्या सकाळीच देते. मात्र आज विम्याच्या प्रतिनिधींचा फोन आला, आणि आताच सही केल्यास एक ठरावीक रक्कम लगेच मिळेल असे ते म्हणाले. लवकर हालचाल करायची तर ही रक्कम स्वीकारावी का?

पारदर्शी यांचे उत्तर:

कृपया आज सही करू नये. दावा लवकर नोंदवणे आणि दावा लवकर मिटवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीची निकड दुसरीला लावल्याने लोकांचे फार नुकसान होते. अशा कागदावर बहुधा ‘पूर्ण व अंतिम’ हे शब्द असतात. त्याखाली सही झाली की उद्या दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली तरी पुन्हा मागणी करण्याचा मार्ग सहसा बंद होतो. हात किती वर जाईल हे डॉक्टरांनाच अजून सांगता येत नसताना विमा कंपनीने किंमत ठरवणे रास्त नाही.

येथे आपल्या भावांचा मुद्दा खरोखर उपयोगी पडतो. दाव्याची सूचना आता द्यावी आणि रकमेचा आकडा नंतर सांगावा. अनेक ठिकाणी दावा दाखल केल्यानंतरही वैद्यकीय अहवालाप्रमाणे रक्कम सुधारता येते. काही कायद्यांत तर अंतिम निकालापूर्वी अंतरिम रक्कम मागण्याची सोय आहे, आणि इंग्लंडमध्ये प्रकृती पुढे बिघडण्याची ठोस शक्यता असल्यास तात्पुरती भरपाई घेऊन नंतर पुन्हा न्यायालयाकडे जाता येते. उपचाराच्या खर्चाची ओढाताण होत असेल तर वकिलांना या वाटेविषयी विचारावे.

प्रतिनिधींना फोनवर उत्तर न देता लेखी कळवावे की, दुखापतीचा दावा आम्ही करत आहोत, उपचार चालू आहेत, रकमेचा तपशील वैद्यकीय अहवाल मिळाल्यावर देऊ, आणि तोवर पुढील सर्व व्यवहार लेखीच व्हावा. आईंचे म्हणणे ध्वनिमुद्रित करण्याची विनंती आली तर वकिलांशी बोलण्यापूर्वी ती मान्य करू नये.