सोलर लावायच्या आधी घरातले पंखे मोजा (भांडायला या)

लोकमान्यनगर_वरची_खोली

इंदूरातल्या आमच्या गल्लीत दीड वर्षात सात-आठ घरांवर सोलर लागलं. चांगलंय, मी विरोधात नाही. पण ज्याला विचारावं तो एकच मंत्र म्हणतो, तीन किलोवॅट लावून टाका, सरकारची ७८ हजार सबसिडी आहे, बिल झिरो. अरे पण घरात वीज जातेय कुठे ते तरी बघा. नळाला धार लागलीय आणि आपण मोठी टंकी आणायला निघालोय असं चाललंय सगळं.

मी पण कोटेशन घेतलं होतं, ३ किलोवॅटचं १ लाख ८५ हजार, सबसिडी जाऊन १ लाख ७ हजार. सही करणार तेवढ्यात बायको म्हणाली आधी एक महिना मीटरची वही ठेव. (तिचे वडील बँकेत होते, त्यामुळे आमच्याकडे सगळ्याचीच वही असते.) वहीतून निघालं काय तर पाच जुने पंखे, प्रत्येक ७५ वॉटचा, कोणी खोलीत असो नसो गरगर चालू. पाचही बदलून बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) लावले, ते ३० वॉट खातात. एका पंख्यामागे ४५ वॉट वाचले, रोजचे सरासरी बारा तास धरा, पाच पंख्यांचे महिन्याला ८० युनिट होतात. खर्च १५ हजार. स्लॅब कमी तापावा म्हणून गच्चीवर चुना मारला त्याचे मजुरीसकट चार हजार.

गेल्या वर्षी मार्चमध्ये २२० युनिट होते, ह्या मार्चमध्ये १३८. आणि आपल्या एमपीत (मध्य प्रदेशात) खरी मजा तर १५० ला आहे. महिन्याला १५० युनिटच्या आत राहिलात तर गृह ज्योती योजनेत पहिले १०० युनिट १०० रुपयांत, वरच्यांनाच रेट लागतो. १५१ झाले की सगळं बिल पूर्ण रेटने. म्हणजे १९ हजारात जे झालं त्यासाठी मी लाखाच्या वर घालणार होतो. आता बोला.

सुदामानगरचा_जावई

काका, मार्चचं बिल दाखवून काय होतंय, मार्चमध्ये तर इंदूरात रात्री पांघरूण लागतं. मे चं टाका ना. आमच्याकडे सासू-सासरे, आम्ही दोघं, दोन पोरं, दोन एसी, गेल्या मे मध्ये ६४० युनिट आले होते. मी पंखे बदलले काय आणि काढून टाकले काय, ६४० चे १५० होणारेत का? ३ किलोवॅट लावलं, किलोवॅटमागे दिवसाला चार युनिट धरा, महिन्याला साडेतीनशे आरामात बनतात. घातलेले पैसे पाच वर्षांत सुटतील, पॅनेलची वॉरंटी २५ वर्षांची. पुढची वीस वर्षं फुकट. यात चूक काय ते सांगा.

आणि हे जे तुम्ही लोक सोलरवाल्यांना उधळे समजता ना, ते बंद करा. आमच्या घरी पण एलईडीच आहेत.

लोकमान्यनगर_वरची_खोली

जावईबापू रागावू नका. मे चं पण सांगतो, लपवत नाही. गेल्या वर्षी ४१० होते, यंदा २९०. एसी एकच आहे, वरच्या खोलीत. तेव्हा १५० ची सवलत मे-जूनमध्ये आम्हालाही नाही, ते कबूल.

पण तुमचा एसी किती डिग्रीवर असतो? खरं सांगा. २०२० पासून नवीन एसी चालू केला की आपोआप २४ वर येतो, तसा नियमच आहे, आणि आपण पहिलं काम काय करतो तर रिमोट घेऊन १८ करतो आणि मग रजई ओढतो. ऊर्जा दक्षता ब्युरोचं म्हणणं आहे की एक डिग्री वाढवली की साधारण ६ टक्के वीज वाचते. माझा मुद्दा एवढाच, आधी हे करा, मग जेवढं उरेल तेवढ्याचं सोलर लावा. सोलर नकोच असं मी कुठे म्हटलंय?

सुदामानगरचा_जावई

२० वर. सासूबाईंना गर्मी सहन होत नाही आणि मी त्यांच्या घरात राहतो, समजून घ्या.

चौथा_मजला_विजयनगर

तुम्हा दोघांचं बरंय हो, स्वतःची गच्ची आहे. आमची २४ फ्लॅटची बिल्डिंग, गच्ची सगळ्यांची, म्हणजे कोणाचीच नाही. सोसायटीला कॉमन लोडसाठी, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, किलोवॅटमागे १८ हजार सबसिडी आहे, मी स्वतः मीटिंगमध्ये कागद घेऊन गेले होते. दोन तास चर्चा झाली, त्यातला दीड तास कुरडया-पापड कुठे वाळवायचे यावर. एकजण म्हणाले लिफ्ट मी वापरतच नाही, तळमजल्यावर राहतो, मी पैसे का देऊ. विषय संपला.

म्हणून पंख्यांच्या बाबतीत मी लोकमान्यनगरवाल्या दादांच्या बाजूने. भाडेकरू असो, फ्लॅटवाले असो, पंखा कोणालाही बदलता येतो आणि घर सोडलं तर काढून नेता येतो. २०२३ पासून पंख्यावर पण स्टारचं लेबल सक्तीचं झालंय तरी दुकानात गेलं की दुकानदार आधी रंगच दाखवतो, हा घ्या मॅडम गोल्डन, सोफ्याला मॅच होईल. वॉट विचारले की तोंड बघत बसतो.

पण ते 'सोलर म्हणजे उधळपट्टी' टाइप बोलणं मला पण नाही पटत. ज्याला जमतं त्याने लावावं.

तारजोड्या

सोलर बसवण्याच्या धंद्यात नऊ वर्षं आहे, म्हणजे मला विकायचंच आहे असं समजून वाचा. दोन-तीन गोष्टी क्लिअर करतो.

पॅनेलवर जे वॉट लिहिलेत ते सेलचं तापमान २५ डिग्री असतानाचे. मे मध्ये आपल्याकडे दुपारी पॅनेल ६० च्या वर तापतं, दर डिग्रीला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के कमी होतं, म्हणजे १२-१४ टक्के तिथेच गेले. लोकांना वाटतं गर्मी जास्त तर वीज जास्त, तसं नसतं, फेब्रुवारीच्या स्वच्छ थंड उन्हात पॅनेल जास्त खूष असतं. आणि जुलै-ऑगस्टमध्ये चार युनिटची आशा धरू नका. चार हा वर्षाचा सरासरी आकडा आहे.

दुसरं, लाइट गेली की साधं ऑनग्रिड (बॅटरीशिवाय, थेट वीज कंपनीच्या लाइनला जोडलेलं) सोलर पण बंद. दर आठवड्याला मला कोणीतरी शिव्या घालतं की भर दुपारी ऊन आहे, छतावर लाख रुपये पडलेत आणि पंखा चालत नाही. तो बिघाड नाहीये, मुद्दाम तसं केलेलं असतं. लाइन बंद समजून खांबावर माणूस चढला आणि तुमच्या छतावरून करंट आला तर तो मरेल. बॅकअप पाहिजे तर बॅटरीवाला हायब्रिड घ्या, तो महाग.

आता मूळ वाद. पहिल्या दोन किलोवॅटना ३०-३० हजार मिळतात, तिसऱ्याला १८, त्यापुढे काही नाही. म्हणजे आधी घरातली गळती बंद केली आणि दोनमध्ये भागलं तर ६० हजार सबसिडी मिळतेच, वर तिसऱ्या किलोवॅटचे तुमच्या खिशातले पैसे वाचतात. धंद्याच्या विरोधात बोलतोय पण वरच्या खोलीवाल्या काकांचा हिशोब बरोबर आहे. फक्त काकांनी लाखाच्या खर्चाशी १९ हजारांची तुलना एका मार्चवर केली, ते चूक. वर्षाच्या बारा बिलांवर करा.

सुदामानगरचा_जावई

भिया तुम्ही दोनचं सांगताय पण उद्या ई-स्कूटर आली, इंडक्शन आलं, मग? तेव्हा परत स्ट्रक्चर, परत अर्ज, परत चकरा? मी म्हणतो एकदाच लावा आणि मोकळे व्हा.

आणि एक गोष्ट कोणी बोलत नाहीये. काका सरकारी पैशाने १०० रुपयांत १०० युनिट घेतात ते चालतं, बचत म्हणतात त्याला, आणि आम्ही सबसिडी घेतली की आम्ही सबसिडीखाऊ? दोन्हीकडे पैसा जनतेचाच आहे. उलट माझं छत दुपारी शेजाऱ्याचा कूलर चालवतंय, तुमचा चुना कोणाचा काय चालवतोय?

लोकमान्यनगर_वरची_खोली

हे लागलं. सवलत सरकारची आहे, मान्य, मी तिला बचत म्हणायला नको होतं. पण पंख्यांचे ८० युनिट खरोखर वाचलेत, ते कुठल्याच कोळशातून, कुठल्याच पॅनेलमधून बनवावे लागले नाहीत.

आणि शेजाऱ्याचा कूलर दुपारी चालतो, बरोबर. तुमचे दोन एसी कधी चालतात? रात्री दहा ते सहा. तेव्हा छतावर काय आहे, चंद्र? दिवसा तुम्ही देता आणि रात्री परत घेता, कागदावर बिल झिरो, पण रात्रीची वीज कोणीतरी कुठेतरी कोळसा जाळूनच बनवतंय. रात्रीचं ओझं कमी करायचं तर एसी कमी चालायला पाहिजे, आणि त्यासाठी स्लॅब कमी तापला पाहिजे. आमची वरची खोली रात्री अकरापर्यंत भट्टी असायची, दिवसभर तापलेला स्लॅब रात्री खोलीत उष्णता ओततो. चुना मारल्यापासून एसी दोन तास उशिरा लागतो.

तारजोड्या

पॅनेलखाली पण स्लॅबला सावली मिळते बरं का, उंच स्ट्रक्चर असेल आणि खालून वारा खेळत असेल तर. चुना आणि पॅनेल एकमेकांचे वैरी नाहीत. उरलेल्या गच्चीला पांढरं करा.

रामबागेतला_म्हातारा

मुलांनो, ह्या गावाच्या रात्रींसाठी 'शब-ए-मालवा', माळव्याची रात्र, असं म्हणायचे. आमच्या वाड्याच्या भिंती दीड हात जाड होत्या, वर कवेलू (कौलं), मध्ये चौक. संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडलं की गाद्या पडायच्या, पहाटे चादर शोधावी लागायची. वाडा पाडला, बिल्डरने तिथे पश्चिमेला पूर्ण काच लावलेली इमारत उभी केली. मला त्यात एक फ्लॅट मिळाला. दुपारी चारला हॉलमध्ये बसवत नाही. घरांच्या भिंती-काचा-छप्पर कसे असावेत यासाठी २०१८ मध्ये इको निवास संहिता आली म्हणतात, आमच्या बिल्डरला बहुतेक कोणी वाचून दाखवली नाही.

अजून एक. तुम्ही सगळे युनिट मोजताय पण नळ कोणी मोजला का? आपलं पाणी नर्मदेचं, नदीकाठच्या जलूदहून घाट चढवून येतं, पंपांनी. ते पंप चालवणं एवढं महाग पडतं की महापालिकेने २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बाँड (पर्यावरणाच्या कामासाठी घेतलेलं कर्ज) काढले, तिथेच ६० मेगावॅटचं सोलर उभं करायला. तेव्हा ज्यांच्या टंक्या रोज सकाळी ओव्हरफ्लो होऊन गल्लीत ओढा वाहतो त्यांनी पंख्याच्या गप्पा मारू नयेत. कोण ते मी सांगत नाही.

चौथा_मजला_विजयनगर

आजोबा 🙏 आमच्या बिल्डिंगमध्ये तोच तळमजलावाला, लिफ्ट न वापरणारा.

फसलेला_महूवाला

सगळे हिशोब छान. माझं ऐका. बसवून झालं आणि नेट मीटरसाठी (दिलेली आणि घेतलेली वीज दोन्ही मोजतो तो) अडीच महिने चकरा मारल्या, तोवर छतावर पॅनेल म्हणजे शोभेची वस्तू, हप्ता मात्र चालू. ज्याने बसवलं तो आता फोन उचलत नाही. कबुतरांनी खाली घरटी केलीत, पॅनेलवर जे काही पडतं ते मी दर रविवारी सकाळी उठून धुतो, कारण नाही धुतलं तर मोबाइलवरचा आकडा लगेच खाली येतो. लावू नका म्हणत नाही, मे मध्ये बिल बघून मलाही बरं वाटलं. फक्त 'लावा आणि विसरा' असं जो कोणी सांगेल त्याला माझ्याकडे पाठवा, बादली देतो हातात.

सुदामानगरचा_जावई

महूवाल्या भिया, जाळी लावून घ्या चारी बाजूंनी, आमच्याकडे लावलीय, कबुतरं बंद. धुवायचं तर उन्हात धुवू नका, पहाटे.

काका, तुमचं पूर्ण नाही पटलं, माझं ३ किलोवॅट मला तरी बरोबरच वाटतंय. पण सासूबाईंना ही चर्चा वाचून दाखवली. त्या म्हणाल्या २० चं २४ नाही करणार, २३ करेन, आणि आधी गच्ची पांढरी करून दाखव. तेव्हा कृपया सांगा, चुन्यात काय मिसळलं होतं? ह्याच आठवड्यात मारू का?

लोकमान्यनगर_वरची_खोली

चुना रात्रभर भिजवायचा, गाळायचा, त्यात थोडं फेविकॉल, दोन हात. पण आता जुलैत मारू नका हो, पहिल्या सरीत सगळं पन्हाळीतून शेजाऱ्याच्या गाडीवर. आमच्याकडे काळी क्रेटा होती. फेब्रुवारीत मारा.