ट्यूब अँपची घुंघुं आणि तडतड, व्हॉल्व्ह बदलूनही जात नाही

खर्जतार (पुणे)
नमस्कार मंडळी. माझा गिटारचा १५ वॅटचा ट्यूब (म्हणजे व्हॉल्व्ह) अँप आहे, दोन ईएल८४ (पॉवर ट्यूब) आणि तीन १२एएक्स७ (त्याआधीच्या टप्प्यांच्या ट्यूब). भावाने न्यू जर्सीहून आणला, म्हणजे १२० व्होल्टचा. इथे २३० चे ११० करणाऱ्या स्टेपडाऊनवर चालवतो. चालू केला की स्पीकरमधून सतत घुंघुं येते. व्हॉल्यूम वाढवला की वाढते, शून्यावर नेला की जवळजवळ जाते. तारांना हात लावला की दबते. शिवाय अर्धा तास वाजवल्यावर तडतड सुरू होते, तापल्या तेलात मोहरी पडल्यासारखी. दुकानदाराने सांगितलं पॉवर ट्यूब गेल्या, म्हणून ईएल८४ ची नवी जोडी घातली. काडीचा फरक नाही. गाताना माईकला ओठ लागला की झिणझिण्या येतात, पण तो वेगळा विषय. शनिवारी रेकॉर्डिंग आहे. काय करू?

तिसरापडदा (नाशिक)
सिंगल कॉइल गिटार आहे का, म्हणजे तारांचं कंपन टिपणारा पिकअप एकाच गुंडाळीचा? हातात धरून जागच्या जागी गोल फिरून बघ. एका दिशेला आवाज पडला तर तो पिकअप ओढतोय. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरही बंद करून बघ, मधल्या नंबरावर तो फार त्रास देतो.

जुनाव्हॉल्व्ह (कोल्हापूर)
खर्जतार, झिणझिण्या हा वेगळा विषय नाही, तोच मुख्य विषय आहे. आधी अँप बंद करा आणि हे तपासल्याशिवाय लावू नका. मी व्हॉल्व्ह रेडिओच्या काळापासून दुरुस्ती करतो, आणि या एका गोष्टीवर मी कुणाचंही ऐकत नाही.

माईक मिक्सरमार्फत अर्थ झालेला असतो. तुमच्या हातात गिटारच्या तारा, म्हणजे अँपची चासी (आतली धातूची चौकट). ओठाला करंट लागतो याचा अर्थ चासीला अर्थ मिळत नाही. माझा संशय स्टेपडाऊनवर आहे. बऱ्याच स्वस्त डब्यांत बाहेरच्या सॉकेटला तिसरं भोक असतं, पण आत त्याला वायरच जोडलेली नसते. सगळे प्लग काढा, अँपची पिन स्टेपडाऊनमध्ये राहू द्या. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून एक टोक स्टेपडाऊनच्या प्लगच्या जाड पिनेला, दुसरं अँपच्या चासीच्या उघड्या स्क्रूला लावा. बीप आला पाहिजे.

आता आवाजाचा सूर ओळखा. जाड ई तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा जी म्हणजे ९८ हर्ट्झ. घुंघुं त्याच्या किंचित वर बसत असेल तर ती १०० हर्ट्झची. ती बहुधा रेक्टिफायरनंतरच्या फिल्टर कपॅसिटरकडून येते किंवा पॉवर व्हॉल्व्हची जोडी जुळत नसली की येते, आणि व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी हटत नाही. एक सप्तक खाली असेल तर ५० हर्ट्झ, म्हणजे अर्थिंग, हीटर किंवा बाहेरून ओढलेला आवाज. तुमची व्हॉल्यूमबरोबर कमीजास्त होते, म्हणजे ती व्हॉल्यूमच्या आधीच शिरतेय. पॉवर व्हॉल्व्ह बदलायला सांगणाऱ्याने ही नॉब फिरवूनसुद्धा बघितली नाही, याचा मला राग येतो. गिऱ्हाइकाचे पैसे फुकट जातात.

तडतडीचं कारण निराळं. इनपुट जॅकच्या सगळ्यात जवळचा १२एएक्स७ आणि त्याच्या शेजारचा, यांची अदलाबदल करा. अँप बंद करून, व्हॉल्व्ह गार झाल्यावर. तडतडीचा जोर बदलला तर व्हॉल्व्ह खराब. तशीच राहिली तर सॉकेटच्या पकडी सैल झाल्या असतील किंवा प्लेटचा १०० के रेझिस्टर बिघडला असेल. त्यासाठी चासी उघडावी लागते, ते तुम्ही करू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठा राहू शकतो.

खर्जतार
काका, बीप आला नाही! इलेक्ट्रिशियनकडून स्टेपडाऊन उघडून घेतला. बाहेरच्या सॉकेटचं अर्थ टर्मिनल कोरं करकरीत, स्क्रूवर ओरखडासुद्धा नाही. त्यांनी आत येणारी हिरवी वायर तिथपर्यंत नेली. मग आपण सांगितलेला जी वाजवून पाहिला: घुंघुं त्याच्या बरीच खाली होती, आणि आता कान लावला तरच ऐकू येते. माईकच्या झिणझिण्या पूर्ण गेल्या. रेग्युलेटर बंद केल्यावर उरलेली किरकिरही गेली, @तिसरापडदा, आभार. व्हॉल्व्हची अदलाबदल केल्यावर तडतड एकदम बारीक झाली.

जुनाव्हॉल्व्ह
उत्तम. म्हणजे आधी पहिल्या जागी असलेला व्हॉल्व्हच खराब. पहिल्या जागेवरचा आवाज पुढचे सगळे टप्पे वाढवतात, दुसऱ्या जागी गेल्यावर एक टप्पा कमी मिळतो, म्हणून बारीक झाली. एकच नवा १२एएक्स७ घ्या. तपकीर गल्लीत मिळाला तर उत्तम, पण पैसे देण्याआधी अँपमध्ये लावून ऐका, आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलकेच टिचकी मारा. घंटेसारखा नाद स्पीकरमधून आला तर तो नग परत द्या. आणि अँपच्या ट्रान्सफॉर्मरच्या पट्टीवर ५०/६० हर्ट्झ लिहिलंय का बघून सांगा. नुसतं ६० असेल तर आपल्या ५० वर तो जास्त तापेल.

खर्जतार
५०/६० आहे, आत्ताच पाहिलं.

जुनाव्हॉल्व्ह
मग चिंता नाही. शनिवारी स्टुडिओत पोचलात की तिथल्या सॉकेटचं अर्थिंग तपासायला सांगा. फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-चार व्होल्ट. त्याशिवाय अँप लावू नका.