वॉर्डनिहाय सुरक्षा समिती: बैठक हवी की खांबांची यादी?

लोकमान्यनगरी
पोलीस, नगर निगम (महापालिका), वीज कंपनी, आबकारी (दारूवर देखरेख ठेवणारं खातं) आणि रहवासी संघ यांची वॉर्डनिहाय संयुक्त समिती व्हावी. महिन्याला एक बैठक आणि प्रत्येक कॉलनीच्या तोंडाशी कॅमेरा. पहाटे फिरायला निघालेल्या बायकांच्या गळ्यातल्या चेन ओढतात, दारातल्या गाड्या उचलतात. इंदुरात कमिशनरेट (पोलीस आयुक्तालय) आलंय, मग समन्वयाला अडचण कसली? समिती झाली की निम्मे गुन्हे बंद.

खांबनंबर
ही पोस्ट सगळ्या ग्रुपांत फिरतेय आणि लोक खाली नुसते हात जोडताहेत, म्हणून सविस्तर लिहितो. बैठकीत कुणीतरी म्हणतं, गल्लीत अंधार आहे. इतिवृत्तात उतरतं, "संबंधित विभागाने कार्यवाही करावी". तो विभाग कोणता, हे कुणी लिहीत नाही. अंधाराची कारणं वेगळी आणि प्रत्येक कारणाचा धनी वेगळा. एकच दिवा बंद असेल तर फिटिंग किंवा आतला ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारं सर्किट) गेलेला असतो, ते काम निगमच्या विद्युत विभागाचं. ओळीने आठ-दहा बंद असतील तर पॅनेलमधला एमसीबी (आपोआप पडणारा सुरक्षा स्विच) पडलेला असतो, टायमर बिघडलेला असतो, नाहीतर नळाच्या खोदकामात केबल तुटलेली असते. केबल तुटली असेल तर खोदणाऱ्या ठेकेदाराला धरावं लागतं. घरांतही वीज नसेल तर वीज कंपनी. दिवा चालू असून खाली काळोख असेल तर फांद्या आड येताहेत, म्हणजे उद्यान विभाग. चौघांना मिळून एक पत्र दिलं की चौघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

त्यापेक्षा रात्री नऊनंतर दोघांनी गल्ली पायी फिरायची. बंद खांबाचा नंबर, दिसणारं कारण, विभाग आणि तारीख लिहायची. निगमच्या ३११ ॲपवर एका खांबाची एक तक्रार टाकायची, कारण दहा खांब एकत्र टाकले की पहिला दिवा लागल्यावर तक्रार बंद करणं सोपं होतं. आठवड्याने पुन्हा रात्रीच जाऊन बघायचं. दुपारी केलेल्या पाहणीत सगळे दिवे चांगलेच दिसतात.

कलमबहादूर
खांबाला एकच मालक नाही, हे मान्य. पण ठाण्याचा दट्ट्या नसेल तर तुमची यादी कागदावरच राहील. डिसेंबर २०२१ मध्ये कमिशनरेट झालं आणि प्रतिबंधक कारवाईचे अधिकार पोलीस अधिकाऱ्यांकडे आले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ आणि १२९ खाली चांगल्या वागणुकीचा बॉण्ड घ्यायचा तर आता फाईल एसडीएमच्या (उपविभागीय दंडाधिकाऱ्याच्या) टेबलावर पडून राहत नाही. हा बदल लहान नाही.

खांबनंबर
बदल लहान आहे असं मी कुठे म्हटलं? गुंडाकडून बॉण्ड घ्यायला कमिशनरेट उपयोगी आहे. पण पोलीस आयुक्त निगमच्या इंजिनिअरला आदेश देऊ शकत नाहीत, वीज कंपनीला नाही आणि आबकारीलाही नाही. दंडाधिकाराचा तुकडा पोलिसांकडे गेला, बाकीचा समन्वय होता तिथेच राहिला. ब्रिटनने १९९८ च्या गुन्हे आणि बेशिस्त कायद्याने पोलीस आणि स्थानिक परिषद दोघांवर मिळून योजना करण्याची जबाबदारी टाकली. आपल्याकडे तसं बंधन नाही, म्हणून यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे अधिकाऱ्याचं पद लिहिलेलं लागतं.

रिकामा_प्लॉट
आबकारीचं नाव निघालंच आहे तर मुख्य मुद्दा बोला! १ एप्रिल २०२३ पासून मध्य प्रदेशातले अहाते (दारू दुकानाला लागून बसून पिण्याच्या जागा) बंद केले. पिणारे त्यामुळे घरी गेले का? दुकानामागच्या मोकळ्या प्लॉटवर बसायला लागले. बाटल्या फुटतात, भांडणं होतात, बायकांनी रस्ता बदललाय. समितीत आबकारीला बसवून काय होणार? दुकानाबाहेर काय चाललंय हे त्यांच्या कागदात येतच नाही.

वैशालीनगर_ताई
दादा, प्लॉटचा त्रास खरा आहे, पण लोक उपाय उलटे करतात. सहा फुटी पक्की भिंत बांधली की आत बसणाऱ्यांना आडोसाच मिळतो. जाळीचं कुंपण घाला, म्हणजे रस्त्यावरून आत दिसतं. झुडपं गुडघ्याच्या वर वाढू द्यायची नाहीत, झाडाच्या फांद्या डोक्याच्या वर छाटायच्या, मधला पट्टा नजरेला मोकळा हवा. नोटीस प्लॉटच्या मालकाला जाते, म्हणून खसरा (जमिनीच्या नोंदीतला) किंवा प्लॉट क्रमांक आधी काढा. "दुकानामागचा प्लॉट" एवढ्यावर कुणाच्या नावाने नोटीस निघणार?

डीव्हीआरवाला
कॅमेऱ्याबद्दल सगळे गप्प का? मूळ पोस्टमधलं ते सगळ्यात महागडं आणि सगळ्यात चुकीचं वाक्य आहे. कॉलनीच्या तोंडाशी पंधरा फुटांवर २.८ मिमीची लेन्स टांगतात. तिच्यात अख्खा चौक दिसतो, नंबरप्लेट मात्र पांढरा ठिपका होते. प्लेट वाचायची तर ६ ते १२ मिमीची लेन्स, एकाच लेनवर रोखलेली, रात्री शटर १/५०० किंवा त्याहून जलद, आणि प्लेटसाठी वेगळा इन्फ्रारेड दिवा. शटर ऑटोवर ठेवलं तर हेडलाइट सगळं पांढरं करून टाकतो.

साठवणीचा हिशोब बघा. दोन मेगापिक्सेलचे चार कॅमेरे, प्रत्येकी २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट). एका कॅमेऱ्याचे दिवसाला २१.६ जीबी, चौघांचे ८६ च्या वर. १ टीबीची डिस्क अकरा-बारा दिवसांत जुनं फुटेज पुसून त्यावरच लिहायला लागते. पोलीस पंधराव्या दिवशी फुटेज मागायला आले तर त्यांना काय द्याल?

कलमबहादूर
भिया, तुम्ही सगळं पुराव्यावर नेऊन ठेवलंत. कॅमेऱ्याचा धाक म्हणून काही असतो की नाही? की चोराला लेन्सचे मिलिमीटर कळतात?

डीव्हीआरवाला
हेल्मेट घातलेल्या आणि प्लेटवर चिखल फासलेल्या माणसाला कसला धाक? कॅमेऱ्यांवरच्या अभ्यासांत सगळ्यात ठळक परिणाम गाड्यांच्या पार्किंगमध्ये दिसलाय, कारण तिथे आत-बाहेर जायच्या वाटा मोजक्या. तुमच्या कॉलनीला पाच तोंडं, कॅमेरा एका तोंडाशी.

आणि पुराव्यावर नेतो कारण खटला तिथेच पडतो. डीव्हीआरमधली (फुटेज साठवणाऱ्या यंत्रातली) नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरी संपली की वीज गेल्यावर घड्याळ मागच्या कुठल्यातरी सालावर जातं. फुटेजवर तारीख एक, एफआयआरमध्ये दुसरी. म्हणून आधी स्क्रीनवरची वेळ आणि मोबाईलची वेळ एकाच फोटोत घ्या, फरक कागदावर लिहा आणि मगच फाईल काढा. फाईल मूळ फॉरमॅटमध्येच काढा. व्हॉट्सॲपवर पाठवलेली क्लिप दाबली जाते, तिचा हॅश (फाईलवरून निघणारा ओळख-आकडा) मूळ फाईलशी जुळत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात आता हॅश लिहावा लागतो. भाग अ यंत्र सांभाळणाऱ्याचा, भाग ब तज्ज्ञाचा. रहवासी संघाने हे कुणाच्या सहीने द्यायचं ते आधी ठरवलंय का?

कलमबहादूर
कलम मलाही माहीत आहे, शिकवू नका. भाग ब चा तज्ज्ञ कॉलनीने आणायचा नसतो, ते काम तपास अधिकाऱ्याचं. घड्याळाचं मात्र बरोबर आहे, तिथे बचावाच्या वकिलाला आयतं सापडतं.

भंवरकुआं_भाडेकरू
समिती आली की पहिली मोहीम भाडेकरू पडताळणीचीच निघते. हॉस्टेलच्या पोरांना रांगेत उभं करतात. फॉर्म भरायची जबाबदारी घरमालकाची, तोच भरत नाही, आणि संशय मात्र पोरांवर.

वैशालीनगर_ताई
ही तक्रार रास्त आहे, पण वेगळा धागा काढा. पोलीस अधिकारी सुरेश खोपड्यांनी १९८८ पासून भिवंडीत मोहल्ला समित्या बसवल्या आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. सगळ्याच समित्यांना मोडीत काढू नका, एवढंच माझं म्हणणं.

खांबनंबर
भिवंडीबद्दल आदरच आहे. पण तिथला प्रश्न अफवा आणि अविश्वासाचा होता, आणि त्यावर माणसं एकत्र बसवणं हाच इलाज होता. चेन ओढणारा दोन मिनिटांत तीन कॉलन्या ओलांडतो. त्याला मोहल्ल्यात कुणाशी बोलायचंच नसतं.

समितीकडे जायला हवी ती माहिती मुळात तयारच होत नाही. मोबाईल हिसकावला की लोक "हरवला" असा अर्ज देऊन मोकळे होतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ मध्ये हिसकावणं हा आता स्वतंत्र गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. तशी नोंद झाली नाही तर ठाण्याच्या नकाशावर त्या गल्लीत काही घडलेलंच नसतं, आणि बीटची गस्तही तिकडे वळत नाही. ११२ ला फोन करा, "हिसकावला" असंच लिहून घ्यायला लावा, वेळ आणि जवळचा खांब नंबर द्या. आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) सीईआयआर या सरकारी पोर्टलवर बंद करा, पोलीस तक्रारीची प्रत लागते.

लोकमान्यनगरी
समिती नको, हे मला अजूनही पटलेलं नाही. यादी आधी आणि बैठक नंतर, इतपत मान्य करतो. कॅमेऱ्याची वर्गणी थांबवतो, पण पूर्ण रद्द करणार नाही, आधी लेन्स कोणती ते डीव्हीआरवाल्यांकडून लिहून हवं. आमच्याकडे अर्ध्या खांबांचे नंबर पुसलेत, त्यांचं काय करायचं?

खांबनंबर
ज्या पॅनेलवरून ती ओळ चालते त्याचा नंबर दारावर रंगवलेला असतो, तो घ्या. मग "पॅनेल अमुक, पूर्वेकडून चौथा खांब" असं लिहा आणि समोरच्या घराचा क्रमांक जोडा. पॅनेलचं दार उघडं सापडलं तर हात लावू नका, आत तीन फेज असतात. फोटो काढा आणि तो धोका म्हणून वेगळी तक्रार टाका.