बैठकीत सगळ्या माना डोलावतात, घरी काहीच बदलत नाही. माता-बाळ शिक्षण नेमकं कसं द्यावं?

पाड्यावरची_ताई

नंदुरबारकडच्या डोंगराळ पट्ट्यातले सहा पाडे, गरोदर आणि स्तनदा माता मिळून पंचवीसेक. ग्राम आरोग्य पोषण दिनाला दर महिन्याला बैठक होते. अंगणवाडी सेविका, आशा आणि एएनएम (उपकेंद्राची नर्स) तिघी हजर असतात. गोळ्या, चीक, नाळ, वजन, लसी सगळं सांगून होतं. घरी मात्र नाळेवर हळद-तेल, बाळाला जन्मल्या दिवशीच आंघोळ आणि गोळ्यांची पाकिटं फडताळात तशीच. बैठकीची पद्धत मुळापासून बदलायची आहे. बोलवायचं कोणाला, एका वेळी किती सांगायचं, आणि बदल झाला हे ओळखायचं कशावरून?

झोळीकाटा

ताई, बाळाला पहिली आंघोळ कोण घालतं ते आधी बघा. बहुतेक घरांत सासू किंवा दाई. बाळंतिणीच्या ताटात काय पडेल हेही सासूच ठरवते. त्या दोघी बैठकीला नसतील तर तुम्ही चुकीच्या बाईला शिकवताय. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेने घरोघरी नवजात बाळाची काळजी सुरू केली, तेव्हा आरोग्यदूत बायकांच्या भेटींबरोबर आई आणि आजी या दोघींचं शिक्षण हाही कामाचा भाग होता. तिथे ३९ गावांत नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आला आणि १९९९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आज आशा करते त्या गृहभेटी त्याच कामातून आल्या आहेत.

एका बैठकीत एकच गोष्ट घ्या, आणि ती हातानं करून घ्या. जन्मानंतरची ऊब शिकवायची तर कापडाची बाहुली, वाटीभर पाणी आणि दोन सुती फडकी न्या. बाहुली भिजवा. पहिल्या फडक्यानं डोकं, पाठ, काखा कोरड्या करायच्या आणि ते ओलं फडकं लगेच बाजूला टाकायचं. दुसऱ्या कोरड्या फडक्यात डोक्यासकट गुंडाळायचं. बऱ्याच बायका ओल्या फडक्यातच गुंडाळतात, चूक तिथे होते. ओलं फडकं बाळाची ऊब ओढून घेतं, त्यात डोकं उघडं राहिलं तर बाळ तासाभरात गार पडतं. प्रत्येक सासूनं एकदा बाहुली हातात घेतलीच पाहिजे.

आंघोळ किमान २४ तास नाही. वजन कमी असेल तर २ किलोच्या पुढे जाईपर्यंत कोमट पाण्याच्या फडक्यानं पुसायचं. "आंघोळ घालू नका" एवढंच सांगितलं तर आजी ऐकत नाही, तिच्या लेखी बाळ विटाळलेलं असतं. "आज पुसू, नाळ पडली की तुमच्या हातानं घाला" असं सांगा. तिचा मान राहतो आणि बाळही गार पडत नाही.

नाळेवर काहीही नको. लंगोट नाळेच्या खाली दुमडा म्हणजे लघवीनं ओली होत नाही.

शेक-शेगडीबद्दल एक गोष्ट कळकळीनं सांगते. धूर नाही म्हणून निखारे बंद खोलीत ठेवतात, पण त्यातून येणारा विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. ऊब हवी तर बाळ आईच्या उघड्या छातीशी लावा. दोन्ही स्तनांच्या मधे उभं, पाय बेडकासारखे फाकलेले, डोकं एका बाजूला, मान किंचित मागे, वर टोपी, आणि जुन्या लुगड्याच्या पट्ट्यानं बांधलेलं. मान पुढे झुकली तर श्वास कोंडतो, म्हणून पट्टा बाळाच्या कानाखालपर्यंतच येऊ द्या. आई दमली की बाप किंवा आजी हेच करू शकतात.

भाकरी_शेंगदाणे

वरचा प्रतिसाद अगदी बरोबर. मी फक्त आहार आणि गोळ्यांचं सांगतो.

"पौष्टिक खा" हे वाक्य बैठकीतून काढून टाका. गरोदरपणात रोज साधारण ३५० किलोकॅलरी जास्त लागतात. घरच्या भाषेत याचा अर्थ नेहमीच्या जेवणावर एक छोटी ज्वारीची भाकरी (५० ग्रॅम पीठ) आणि मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे. बैठकीत हे तागडीवर तोलून पानात ठेवून दाखवा. अंगावर पाजताना गरज आणखी वाढते, आणि नेमकं तेव्हाच काही घरांत बाळंतिणीला पातळ पेजेवर ठेवतात. शेवटच्या महिन्यांत "कमी खाल्लं तर बाळंतपण सोपं जातं" हा समज तर फार नुकसान करतो. बाळ कमी वजनाचं जन्मतं आणि आईच्या अंगातही काही उरत नाही.

अमृत आहार योजनेचं (आदिवासी भागातल्या गरोदर-स्तनदा मातांसाठीचं) जेवण डब्यात घरी गेलं की चार जणांत वाटलं जातं. शक्य तिथे अंगणवाडीतच पंगत बसवा.

लोहाची गोळी (६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल) चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. कॅल्शियम दिवसातून दोनदा, पण लोहापासून दोन तास लांब. एकत्र घेतली की लोह नीट शोषलं जात नाही. चहाबरोबरही नको. रात्री, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्यायची; जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. हिमोग्लोबिन ७ ते १०.९ असेल तर एएनएम रोज दोन गोळ्या देते. ७ च्या खाली गेलं तर गोळ्यांवर थांबू नका, दवाखान्यात पाठवा.

"गोळी घेतेस का?" असं विचारू नका, उत्तर कायम "हो"च येतं. रिकामी पाकिटं मोजा आणि शौचाचा रंग विचारा. गोळी पोटात जात असेल तर शौच काळी होते. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती घाबरून गोळ्या बंद करते. गोळीनं बाळ काळं होतं ही भीतीही तुम्हीच उघडपणे बोलून दाखवा, ती आपणहून बोलणार नाही.

झोळीकाटा

ओळखायचं कशावरून, हे राहिलं होतं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीचीही. या भेटीत विचारण्यापेक्षा बघण्यावर भर हवा: नाळ कोरडी आहे का, टोपी आहे का, आणि तुमच्या समोर पाजताना बाळाचं तोंड मोठं उघडलंय का, हनुवटी स्तनाला टेकलीय का, खालचा ओठ बाहेर वळलाय का.

वजनाआधी रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणा. झोळी बदलली की पुन्हा. काटा डोळ्यांच्या रेषेत धरा, खालून बघून वाचला की आकडा चुकतो. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरणं स्वाभाविक आहे, पण दोन आठवड्यांत जन्मवजन भरून यायला हवं.

श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. नवजात बाळ मधेच थांबून श्वास घेतं, म्हणून अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलं की फसगत होते. शांत बाळाच्या पोटाची हालचाल बघा. ६० किंवा जास्त आले तर पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही तेवढेच आले, छाती आत ओढली जात असेल, बाळ पीत नसेल, गार किंवा तापलेलं असेल, तर १०२ ला (रुग्णवाहिकेला) फोन. दुसऱ्या भेटीची वाट बघत बसू नका.

पाड्यावरची_ताई

फार उपयोगी. एकच अडचण उरली. दिवाळीनंतर अर्ध्या बायका ऊसतोडीला जातात, मग सगळं तुटतं.

भाकरी_शेंगदाणे

निघण्याआधी, दसऱ्याच्या सुमाराला, त्यांची वेगळी बैठक घ्या. मुकादमालाही बोलवा, कोणता कारखाना आणि कोणतं गाव हे त्याला ठाऊक असतं. माता-बाल संरक्षण कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, पैसे ठेवते त्याच जागी ठेवायला सांगा. गोळ्या किती आठवडे लागतील ते मोजून एएनएमकडून आधीच मागवा. कार्डावर पुढच्या लशींच्या तारखा ठळक लिहा. आणि त्या गावच्या आशाला आपल्या आशाकडून बाळंतपणाच्या तारखेसकट फोन जाऊ द्या, कारण तिथली आशा फडावर आपणहून पोचेलच असं नाही.

झोळीकाटा

टोपी आणि दोन फडकी गाठोड्यात बांधून द्या. थंडी असते आणि कोपीला (फडावरच्या झोपडीला) दार नसतं.